मुंबई ते नागपूर किती लांब? दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबई–नागपूर अंतर विचारलं की तीन जण तीन आकडे सांगतात. रेल्वेनं जाणारा ८३७ किलोमीटर म्हणतो, समृद्धी महामार्गावरून गाडी नेणारा ७०१ म्हणतो, आणि विमानाचं तिकीट काढायला बसलेल्याला कुठेतरी ६८३च्या आसपासचा आकडा दिसतो. तिघांचंही बरोबर असतं, कारण तिघं तीन वेगळ्या वाटा मोजत असतात. वेळेचंही तसंच. तिकिटावर दीड तास लिहिलेलं असतं, वैमानिक तास-सव्वा तास सांगतो, आणि ठाण्याच्या घरातून निघून धरमपेठेतल्या घरी पोचेपर्यंत पाच तास गेलेले असतात.

या लेखात कोणत्याही दोन शहरांमधलं हवाई अंतर कागद-पेन्सिलीनं कसं काढायचं, त्यावरून विमानाला किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा, आणि परदेशच्या तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या ते क्रमानं सांगतो. उदाहरण मुख्यतः मुंबई–नागपूरचं घेतलं आहे. लांबच्या प्रवासासाठी मुंबई–लंडन घेऊ, कारण तिथं गणिताचे नियम थोडे बदलतात.

पहिली पायरी: कुठून कुठवर, ते आधी ठरवा

शहर म्हणजे एक ठिपका नव्हे. मुंबई दक्षिणोत्तर इतकी लांब पसरली आहे की 'मुंबईपासून' म्हणताना कुलाबा धरलं की दहिसर, यानं तीस-चाळीस किलोमीटरचा फरक पडतो. इंग्रजांच्या काळात मुंबईतले मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले होते. नागपुरात झिरो माईलचा स्तंभ आजही उभा आहे, आणि त्यावर हैदराबाद, जबलपूर, चांदा अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. रेल्वे स्टेशनपासून स्टेशनपर्यंत मोजते, म्हणजे ८३७ हा आकडा सीएसएमटी ते नागपूर जंक्शन असा आहे. समृद्धीचे ७०१ किलोमीटर भिवंडीजवळच्या आमणे गावापासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे आहेत. दादरला राहणाऱ्यानं त्यात आमण्यापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर आणि पुढे शिवमडक्याहून नागपूर शहरात शिरण्याचं अंतर मिळवायला हवं. 'सातशे किलोमीटर, आठ तास' असं ऐकून निघालेल्यांची गडबड होते ती इथेच.

विमानाचं अंतर विमानतळ ते विमानतळ मोजतात. त्यामुळे कोणता विमानतळ, हे आधी पाहा. हा प्रश्न पूर्वी मुंबईकराला पडत नव्हता, आता पडतो. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर मुंबईच्या जुन्या, म्हणजे सहारच्या विमानतळासाठी बीओएम आणि नवी मुंबईसाठी एनएमआय हे संकेत असतात. हवेतलं अंतर बघाल तर नवी मुंबईहून नागपूर पंधरा-सोळा किलोमीटरनं जवळ आहे, म्हणजे उड्डाणाच्या वेळेत जाणवेल असा फरक नाही. पण बोरिवलीच्या माणसानं नवी मुंबईचं तिकीट काढलं किंवा पनवेलच्या माणसानं सहारचं, तर रस्त्यावरच तास-दीड तास जास्त मोडतो. गोव्याला जाणाऱ्यांनी तर हे पाहिल्याशिवाय पैसे भरूच नयेत. तिथेही दोन विमानतळ: दाबोळी दक्षिण गोव्याला सोयीचा, मोपा उत्तर टोकाला, पेडण्यात. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तरी 'गोवा' एवढंच वाचून चुकीच्या टोकाला उतरणारे लोक अजून भेटतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना मोपा जवळचा, मडगाव-काणकोणला जाणाऱ्यांना दाबोळी.

दुसरी पायरी: हवाई अंतर काढा

सोपा मार्ग आधी. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर माऊसचं उजवं बटण दाबा, 'अंतर मोजा' हा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. पृथ्वीच्या गोलाईसकट सरळ अंतर मिळतं. काम झालं.

पण एकदा तरी हाताने करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन. दहावीच्या मुलाला बरोबर घ्या. भूगोलातले अक्षांश-रेखांश आणि गणितातलं पायथागोरसचं प्रमेय या दोन्हींचा रोजच्या कामात उपयोग दाखवणारं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व इथे आहे. नागपूरचा विमानतळ, म्हणजे सोनेगावचा, २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व इथे. (नकाशावर उजवं बटण दाबलं की हे आकडे सगळ्यात वर दिसतात.)

अक्षांशातला फरक २ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. हा आकडा पाठच करा. तर उत्तरेकडचं अंतर झालं २ × १११ = २२२ किलोमीटर.

रेखांशातला फरक ६.१८ अंश. इथे थेट १११ने गुणून चालत नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, संत्र्याच्या फोडी मधे जाड आणि टोकाला निमुळत्या असतात तशा. म्हणून त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. दोन्ही शहरांचा मधला अक्षांश साधारण २० अंश, त्याचा कोसाइन ०.९४. म्हणजे ६.१८ × १११ × ०.९४ = ६४५ किलोमीटर पूर्वेकडे.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला. एक बाजू २२२, दुसरी ६४५. कर्ण काढा: २२२चा वर्ग ४९,२८४, ६४५चा वर्ग ४,१६,०२५, बेरीज ४,६५,३०९, तिचं वर्गमूळ ६८२. उपग्रहाच्या आकड्यांवर चालणाऱ्या गणकयंत्राचं उत्तर ६८३ येतं. कागदावरच्या हिशेबात एका किलोमीटरचा फरक, तोही सातशेच्या अंतरात!

महाराष्ट्रात कुठेही जायचं असेल तर कोसाइन ०.९४ किंवा ०.९५ धरा, बिघडत नाही. गोव्याच्या बाजूला १५ अंशांना ०.९७, गुजरात ओलांडून २५ अंशांना ०.९१, दिल्लीच्याही वर ३० अंशांना ०.८७. मुंबई–दिल्लीचं याच रीतीनं करून पाहा, साधारण ११४० किलोमीटर येईल.

ही रीत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत विश्वासाने वापरावी, त्यापुढे नाही. मुंबई–लंडनला ती लावली तर उत्तर साडेसात हजारांच्या थोडं वर जातं. प्रत्यक्ष अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरची चूक होते, कारण आपण गोल पृथ्वीवर सपाट त्रिकोण आखला. लांबच्या अंतराला सरळ नकाशाचं साधन वापरा, किंवा घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या. दोरा दोन शहरांवर ताणून धरला की तो जिथून जाईल तोच सगळ्यात जवळचा मार्ग. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को असा ताणून बघा. दोरा पॅसिफिकवरून जात नाही, थेट उत्तरेला मध्य आशिया ओलांडून ध्रुवाच्या बाजूनं जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही गोष्ट कधी लक्षात येत नाही.

एककाचा घोळ मात्र टाळा. विमानाच्या जगात सागरी मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा. अमेरिकेतला रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नागपूरचे ६८३ किलोमीटर म्हणजे ३६९ सागरी मैल, पण ४२४ साधे मैल. संकेतस्थळावर नुसतं 'मैल' लिहिलं असेल तर कोणता ते आधी पाहा.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ

देशातल्या बहुतेक मार्गांवर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या जातीची विमानं असतात. उंचीवर स्थिर झाल्यावर ती ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतात. ६८३ला ८३०ने भागलं तर पन्नास मिनिटंही होत नाहीत. मग तिकिटावर दीड तास किंवा त्याहून जास्त का?

मुंबईहून निघणारं नागपूरचं विमान डोळ्यांसमोर आणा. ठरलेल्या वेळेला गेटवरून ते मागे ढकललं जातं. 'सुटण्याची वेळ' म्हणतात ती हीच, चाकं जमीन सोडतात ती नव्हे. मग ते रांगेत लागतं. सहारच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. सकाळच्या गर्दीत पुढे पाच-सात विमानं असणं नेहमीचं आहे. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं, म्हणून जायचंय पूर्वेला आणि उड्डाण होतं पश्चिमेला, जुहूच्या अंगानं समुद्रावर. तिथे वळसा घेऊन ते नागपूरची दिशा धरतं. वर चढायला वीसेक मिनिटं, खाली उतरायला पंचवीसेक. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाने, सरळ उडण्याचा भाग निम्म्याहूनही कमी राहतो. सोनेगावला उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत धावणं. या गेटपासून त्या गेटपर्यंतच्या सगळ्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर तोच छापलेला असतो.

हिशेबाला एक साधं सूत्र पुरतं: किलोमीटरांना ८००ने भागा, येतील तेवढ्या तासांत ४० मिनिटं मिळवा.

नागपूर: ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, एकूण १ तास ३१ मिनिटं. वेळापत्रकात दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं दिसतात. दिल्ली: ११४० भागिले ८०० म्हणजे १ तास २५, अधिक ४०, एकूण २ तास ५ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास असतं, कारण दोन्ही टोकांना गर्दी. मुंबई किंवा दिल्ली यांपैकी एक टोक असेल तर मी दहा मिनिटं आणखी धरतो, दोन्ही असतील तर पंधरा.

सूत्रातला ८०० हा आकडा जेट विमानाचा आहे. पंख्याचं एटीआर-७२ विमान असेल तर ५०० घ्या. अमरावतीचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, ती एटीआरनं. मुंबई–अमरावती हवाई अंतर साधारण ५४० किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटर कमी. पण वेळ? ५४० भागिले ५०० म्हणजे १ तास ५ मिनिटं, अधिक ४०, एकूण पावणेदोन तास. वेळापत्रकातही साधारण तेवढाच आहे. जवळचं गाव, जास्त वेळ. म्हणून तिकीट काढताना विमानाची जात बघायची सवय लावा, ती उड्डाणाच्या तपशिलात लिहिलेली असते. अर्थात अमरावतीच्या माणसानं नागपूरला उतरून दीडशे किलोमीटर टॅक्सी करण्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त हवेत घालवणं केव्हाही चांगलं.

आणखी एक गोष्ट. कंपन्या वेळापत्रकात थोडा मोकळा वेळ राखून ठेवतात. त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं आणि वेळेवर सुटलेलं दहा मिनिटं लवकर. त्या दहा मिनिटांवर पुढचं काही बेतू नका. नागपूरहून मुंबईला येताना तर नाहीच, कारण मुंबईवर उतरायला जागा नसेल तर विमानाला आकाशात घिरट्या घालत थांबावं लागतं.

चौथी पायरी: वारा आणि बंद आकाश

लांबच्या प्रवासात जाताना आणि येताना वेळ सारखा का नसतो, हा प्रश्न परदेशी मुलांकडे जाणारे आईवडील हमखास विचारतात. उत्तर वाऱ्यात आहे. विमानं उडतात त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात आणि आपल्यापेक्षा उत्तरेकडच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. युरोप-अमेरिकेकडे जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर.

लंडनचा हिशेब मांडून बघू. सरळ अंतर ७२०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, थोडं वाकडं पडतं, म्हणून पाच टक्के वाढवू: ७५६०. मोठ्या विमानाचा वेग ताशी ९०० धरू. सरासरी ५० किलोमीटरचा वारा तोंडावर असेल तर जमिनीवरचा वेग उरला ८५०. म्हणजे ८ तास ५४ मिनिटं, अधिक ४०, साडेनऊ तासांच्या वर. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९५०, वेळ ७ तास ५७, अधिक ४०, म्हणजे पावणेनऊच्या आत. तासाभराचा फरक केवळ वाऱ्यानं. मुंबई–नागपूरला हाच वारा दोन-चार मिनिटांचा फरक करतो, तो विसरला तरी चालेल.

दुसरं कारण आहे राजकारणाचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं आणि ते जुलैत पूर्ण उघडलं. मग २४ एप्रिल २०२५ला पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावात ते भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झालं. याचा मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना. मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेनं जाऊ शकतं, तरी त्यालाही वळसा पडतोच. बंदी भारतीय कंपन्यांना असते तेव्हा परदेशी कंपनीचं विमान जवळच्या वाटेनं जातं, म्हणून एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात. तिकिटाच्या किमतीबरोबर प्रवासाचा एकूण वेळही शेजारी ठेवून बघा. सत्तरीच्या माणसाला दोन हजार रुपये वाचवण्यापेक्षा दीड तास कमी बसणं मोलाचं असतं.

पाचवी पायरी: घड्याळाचा घोळ सोडवा

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. देशात सगळीकडे एकच घड्याळ, म्हणून नागपूरला वजाबाकी थेट चालते. परदेशी तिकिटात थेट वजाबाकी केली की उत्तर चुकतं.

मी एकच रीत सांगतो: दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजा करा.

समजा जून महिन्यात मुंबईहून दुपारी २ला निघून लंडनला संध्याकाळी ७:१०ला पोचायचं आहे. तिकीट बघून पाच तास दहा मिनिटं वाटतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणून ७:१० मध्ये ४:३० मिळवा, आले रात्रीचे ११:४०. दुपारी २ पासून रात्री ११:४०, म्हणजे ९ तास ४० मिनिटं. हेच विमान जानेवारीत तेवढाच वेळ उडालं तर लंडनला ६:१०ला पोचेल, कारण तेव्हा फरक साडेपाच तासांचा असतो. ब्रिटनमधली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.

परतीचा हिशेब: जानेवारीत लंडनहून रात्री ९ला सुटलं आणि मुंबईला ११:१५ सकाळी, शेजारी '+१' असं लिहिलेलं. '+१' म्हणजे दुसऱ्या दिवशी. लंडनचे रात्री ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. अडीच ते सव्वाअकरा, पावणेनऊ तास. न्यायला कोण येणार असेल त्याला तारीख सांगताना हा '+१' नक्की सांगा, वारासकट.

दुबई आपल्या दीड तास मागे, बारा महिने. तिथे घड्याळ बदलत नाही. सकाळी १०ला निघून ११:४५ला पोचलात तर पावणेदोन तास दिसतात, खरे सव्वातीन. अंतर १९३० किलोमीटरच्या आसपास, सूत्रानं ३ तास ५ मिनिटं येतात, वाऱ्याची दहा मिनिटं धरली की जुळतं. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिथे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, म्हणजे ब्रिटनच्या आधी. मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत लंडनमार्गे अमेरिकेला जायचं असेल तर मधला थांबा किती वेळाचा आहे ते पुन्हा मोजा.

सहावी पायरी: दारापासून दारापर्यंत

निर्णय घेताना हाच आकडा खरा. ठाण्याहून नागपूरचं मांडतो. घर ते सहार एक तास, पावसाळ्यात किंवा सोमवारी सकाळी दीड. बहुतेक कंपन्यांचा देशांतर्गत चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणून विमानतळावर दीड ते दोन तास आधी पोचायचं. टर्मिनल १ की २, ते आदल्या रात्री बघून ठेवायचं. दोन्हींत रस्त्यानं चांगलं अंतर आहे आणि आयत्या वेळी बदलायला वेळ पुरत नाही. मग ब्लॉक टाइम १ तास ३५. उतरून सामान घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं. सोनेगावहून सीताबर्डी किंवा धरमपेठ वीस ते तीस मिनिटं, आणि नागपूर मेट्रोचं स्टेशनही विमानतळाजवळ आहे. बेरीज पाच ते साडेपाच तास.

समृद्धीनं? शेवटचा इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाल्यापासून पूर्ण रस्ता जोडला गेला. ठाणेकराला आमणे जवळ. आठ तास हा आकडा महामार्गावरच्या सलग धावेचा आहे. दोन थांबे, जेवण आणि दोन्ही टोकांची शहरं धरली की दहा तास माना. या रस्त्यावर एकसुरी वेगानं डोळा लागून आणि टायर फुटून अपघात झाले आहेत, म्हणून दोन चालक असतील तरच एका दिवसात करा आणि टायरमधली हवा व त्यांचं वय तपासून निघा. चार माणसं आणि भरपूर सामान असेल तर खर्चाच्या दृष्टीनं गाडी परवडते.

रेल्वेचं गणित मला वैयक्तिकरीत्या फार पटतं. दुरांतो रात्री सीएसएमटीहून निघून साधारण अकरा तासांत, सकाळी नागपूरला. अकरा तास मोठे वाटतात, पण त्यातले सात-आठ झोपेत जातात आणि हाताशी अख्खा दिवस उरतो. सकाळी दहाला हायकोर्टात किंवा हिवाळी अधिवेशनात काम असेल तर पहाटे तीनला उठून पहिलं विमान पकडण्यापेक्षा रात्रीची गाडी बरी. गाडी वाटेत थांबत असेल तर भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा या गावच्या लोकांनी नागपूरचं विमान मनातही आणू नये.

साधारण असं: रस्त्याचं अंतर तीनशे किलोमीटरांच्या आत असेल तर विमानानं वेळ वाचत नाही. तीनशे ते सहाशे असेल तर घर विमानतळापासून किती लांब त्यावर ठरतं. त्यापुढे विमान जिंकतं, फक्त रात्रीच्या गाडीची सोय असेल तर तिचा विचार आधी करा.

विमानच ठरलं तर शक्यतो सकाळचं पहिलं घ्या. ते रात्री तिथेच मुक्कामाला असतं, त्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर त्याच्या माथी येत नाही. दुपारनंतर उशीर साचत जातो. अपवाद दिल्लीचा: डिसेंबर-जानेवारीत तिथलं धुकं पहाटे दाट असतं, तेव्हा दुपारचं विमान घ्या.

उशीर झाला तर: ब्लॉक टाइमचा इथे उपयोग होतो

तिकिटावरच्या त्या वेळेवरून तुमचे हक्कही ठरतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल आणि विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्याला चार. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडण्याचा हक्क तुमचा.

विमान रद्द झालं, कंपनीनं वेळेत कळवलं नाही आणि कारण तिच्या हातातलं होतं, तर भरपाईची पायरीही ब्लॉक टाइमवर: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००; किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे मुंबई–नागपूर मधल्या पायरीत येतं, मुंबई–दिल्ली वरच्या. वादळ-धुकं, संप, सुरक्षेची कारणं यांत भरपाई नाही, पण पैसे परत मिळण्याचा हक्क कायम राहतो.

उशीर जाहीर झाला की काउंटरवर जाऊन नव्या वेळेची लेखी नोंद किंवा कंपनीचा संदेश मागून घ्या, बोर्डिंग पासचा फोटो काढा आणि वेळेचा फलक दिसेल असा आणखी एक फोटो घ्या. तक्रार आधी कंपनीकडे करा. तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर पीएनआर आणि हे फोटो जोडून नोंदवा.